बाकोलीचे कान

आमच्या उतारावरून टॅक्सी खाली येते ती इंजिन बंद करून. वर चर्चपाशी ड्रायव्हर किल्ली फिरवतो, गिअर काढतो आणि गाडी सोडून देतो. पेट्रोल वाचतं ना! ताना शहरात पेट्रोल टाकीत कमी आणि ड्रायव्हरच्या पायाशी ठेवलेल्या बाटलीत जास्त, तेव्हा घोट घोट करूनच गाडी हाकावी लागते. ज्याला हे पटत नाही त्याने खुशाल पायी जावं. तर चाळीस वर्षं जुनी, सायीच्या रंगाची रेनो अशी फरसबंदीवरून गपचूप उतरायला लागली की दोनच आवाज येतात. एक आत बसलेल्या बायकांचा आणि दुसरा ब्रेकचा.

तो दुसरा आवाज ऐकायला उताराच्या मध्यावर बाकोली बसलेली असे.

बसायला एक पालथं खोकं, मांडीवर सूप, सुपात घेवडा. बाई मान खाली घालून शेंगा सोलतेय असं दिसायचं, आणि गाडी समोरून जाता जाता ती मान वर न करता ओरडायची, "रझाफीदादा, डावं चाक! उद्या सकाळी या!" की रझाफी दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. हा रझाफी सत्तरीचा, उतारावरचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. बायकोचं ऐकत नसे, पोलिसाचं ऐकत नसे, पण बाकोलीने चाक म्हटलं की चाक.

यात जादूटोणा काही नव्हता. बाजारात जे स्वस्तातले ब्रेक पॅड मिळतात ते झिजले तरी मुकाट झिजतात. लोखंडी पत्र्यावर चिकटवलेला तो काळा थर पातळ होत होत संपतो, आणि मग लोखंडावर लोखंड घासायला लागतं तेव्हा कळतं. म्हणजे कळून काही उपयोग नसतो तेव्हा. बाकोलीचा नवरा एदमों मेकॅनिक होता, तो जन्मभर याच गोष्टीवर चिडायचा. तो गेला आणि दुकान तिच्या हातात आलं, त्या वर्षी तिने खोक्यांना बांधून येणारी पोलादी पट्टी घेतली, तिचा नखाएवढा तुकडा कापला आणि पॅडच्या पत्र्याला रिबिटाने ठोकून दिला. वाकवला असा, की थर तांदळाच्या दोन दाण्यांइतका उरला की त्याचं टोक चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला लागावं आणि किंचाळावं. ड्रायव्हर त्याला बाकोलीची जीभ म्हणत. "हिची स्वतःची काय कमी होती," रझाफी म्हणायचा, "म्हणून आणखी नऊ गाड्यांना लावून दिलीय!"

काम करताना तिच्या तोंडाला खरंच विसावा नसे. चाकामागे दगड लावायचा, चाक जमिनीवर असतानाच नट सैल करायचे, मग जॅक. निघालेलं चाक गाडीखाली आडवं सरकवायचं, जॅक घसरलाच तर गाडी चाकावर पडावी, माणसावर नको. मग कॅलिपरची, म्हणजे पॅड धरून ठेवणाऱ्या चिमट्याची, पाचर ठोकून काढायची, जुने पॅड बाहेर.

"दुसऱ्या बाजूचे अजून चांगले दिसतायत गं," रझाफी हमखास म्हणणार. "ते राहू देत ना."

"चप्पल घेता तेव्हा एकाच पायाची घेता का हो दादा?"

"एक फाटली तर एकच घेईन."

"मग चाला लंगडत. उतारावर गाडी एका अंगाला ओढायला लागली की मला हाका मारू नका."

दोन्हीकडचे बदलायचे, हे ठरलेलं. ब्रेक ऑइलचं झाकण उघडायचं, पान्याच्या लाकडी दांड्याने पॅडला दाबणारा पिस्टन सावकाश मागे रेटायचा, नवे पॅड बसवायचे, चाक चढवायचं. आणि शेवटी सगळ्यात महत्त्वाचं. किल्ली परत देण्याआधी बाकोली स्वतः आत बसून ब्रेक दाबायची. पहिल्यांदा पाय थेट तळाला टेकतो, कारण पिस्टन मागे गेलेला असतो. दुसऱ्यांदा थोडा वर. चौथ्या-पाचव्यांदा पायाखाली घट्ट लागतं. ते घट्ट लागेपर्यंत किल्ली तिच्याच मुठीत असायची. हे विसरलेला एक शहाणा पूर्वी थेट खालच्या न्हाव्याच्या दुकानात शिरला होता. न्हाव्याने त्याची दाढी करून दिली म्हणतात, पण आरसा गेला तो गेलाच.

असं नऊ वर्षं चाललं. ड्रायव्हरांना चाकामागे काय असतं ते बघायची गरजच पडली नाही. बाकोली ओरडली तर जायचं, नाही ओरडली तर सगळं ठीक. नव्या प्रवाशाने ब्रेकबद्दल काही विचारलं तर हे लोक छाती फुगवून सांगायचे, "आमच्या उतारावर कान बसवलाय कान!"

जूनमधली गोष्ट. विषुववृत्ताच्या खाली आमच्याकडे जून म्हणजे ऐन हिवाळा. सकाळची बोचरी थंडी, शेजारच्या लालाओची कोंबडी नुकतीच पिल्लं घेऊन अंगणात आली होती. बाकोली खोक्यावर बसून त्यांच्याकडे बघत होती. सात पिल्लं. सातही जणांच्या चोची उघडत होत्या, मिटत होत्या, उघडत होत्या. पण आवाज नव्हता. तिला आधी वाटलं, पिल्लं आजारी आहेत.

"काय कलकलाट लावलाय मेल्यांनी," लालाओ दाणे टाकत म्हणाली. "पहाटेपासून डोकं उठवलंय."

बाकोलीने सूप खाली ठेवलं. पुढे झाली, एक पिल्लू उचललं आणि कानाशी धरलं. त्याच्या छातीची धडधड बोटांना लागत होती. चोच सताड उघडी होती. तिला लालाओचं बोलणं ऐकू येत होतं, वरून उतरणाऱ्या हातगाडीची खडखड ऐकू येत होती, पण कानाशी धरलेलं पिल्लू ऐकू येत नव्हतं.

पिल्लाचं काही नाही, पण ब्रेकवरच्या जिभेचा आवाज त्याहून बारीक.

तेवढ्यात वरून एक टॅक्सी उतरली. लालाओने तोंड वाकडं केलं आणि खांदा कानापर्यंत नेला. बाकोलीने ते बघितलं आणि लगेच ओरडली, "ए, उद्या ये रे!" ड्रायव्हरने हात केला. वेळ निभावली.

हे तिने कुणालाच सांगितलं नाही, अगदी मुलीला, साहोलीलाही नाही. सांगणार तरी काय? अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसरं काय येत होतं तिला? खालच्या चौकात दोन मेकॅनिक होते, तरणेताठे, त्यांच्याकडे हवेवर चालणारा पाना होता. लोक तिच्याकडे येत ते कानासाठी. कान गेला म्हटल्यावर खोक्यावर बसलेली एक म्हातारी उरली, घेवडा सोलणारी. हे तिला स्वतःशीसुद्धा म्हणवेना. मग तिने मूग गिळले.

आणि सुरू झाली सोंगं. ती आता गाडीऐवजी माणसांकडे बघू लागली. गाडी जाताना कुणी कानावर हात ठेवला, कुत्रं भुंकलं, की ओरडायचं. मधूनच अंदाजाने कुणालातरी बोलवायचं. चाक काढून बघितलं की थर चांगला जाड निघायचा.

"ताई, हे तर अजून वर्षभर जातील की," एकजण म्हणाला.

"आवाज आला मला. खडा अडकला असेल," बाकोली म्हणाली आणि नजर चुकवून पाना पुसत बसली.

सोलोफोला मात्र तिने एकदाही बोलावलं नाही. सोलोफो तिचा धाकटा दीर. त्याचे पॅड तिने ईस्टरला स्वतःच्या हातांनी बदलले होते, त्यामुळे तो तिच्या हिशेबात सुरक्षित होता. तो रोज सकाळी चार पोरं खालच्या शाळेत पोचवायचा. पण ईस्टरनंतर त्याने पोरांची दुपारच्या जेवणाची ने-आण धरून शाळेच्या दोन खेपांच्या चार केल्या होत्या, आणि दुपारी कोळशाची पोती न्यायला लागला होता. कोळशाची पोती घेऊन इंजिन बंद करून उतरलं की पॅडचं काय होतं ते सांगायला मेकॅनिक लागत नाही. बाकोलीने रोज ती पोती बघितली, आणि तिच्या डोक्यात आलं नाही. इतकी वर्षं डोक्याचं काम कानच करत होता.

सप्टेंबरात एका मंगळवारी सोलोफो वरून आला. पोरं मागे खिडकीत तोंडं काढून बसलेली. बाकोलीने हात केला, पोरांनी हात केला. आणि गाडी पुढे गेल्यावर तिला ऐकू आलं. जाड, खोल, खर्रर्र असं. हा आवाज तिला येत होता. लोखंडावर लोखंड.

"सोलोफो!" ती ओरडली, पण तो पुढे गेला होता.

खाली वळणावर सार्वजनिक नळ आहे. तिथे पिवळ्या डब्यांची रांग, डब्यांमागे बायका. सोलोफो ब्रेक दाबत होता ते मागचे लाल दिवे सांगत होते, पण गाडी थांबत नव्हती, नुसती कुरकुरत चालली होती. त्याने हँडब्रेक ओढला, चाक भिंतीकडे वळवलं आणि गाडी नळाच्या अलीकडे, बांधकामासाठी टाकलेल्या वाळूच्या ढिगात नेऊन घातली. धप्प आवाज झाला. चार-पाच डबे गडगडत गेले. मग बायकांची बोंब.

बाकोली त्या उतारावरून कशी पळाली ते तिलाच माहीत. वहाणा वर राहिल्या. पोहोचली तर पोरं एकेक करून उतरत होती. मिआली नावाची सर्वांत लहान पोर रडत होती, कारण तिची एक सँडल वाळूत गेली होती. बाकोलीने चारही जणांची डोकी, हात, पाय चाचपून बघितले. कुणाला ओरखडासुद्धा नव्हता. तिचा जीव भांड्यात पडला. ती तिथेच वाळूत बसली.

चाक तिनेच काढलं, तिथल्या तिथे. डाव्या पॅडवर थर नावालाही नव्हता. पत्रा घासून चकचकीत झाला होता, डिस्कला बोट बुडेल अशा चरी पडल्या होत्या. आणि जीभ तर पार झिजून गेली होती, रिबिट तेवढं उरलं होतं.

"ही वाजली असणार," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "झिजण्याआधी पुष्कळ दिवस वाजली असणार."

"वाजत होती की," सोलोफो म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "पाच आठवडे वाजत होती. मग आपोआप थांबली. मला वाटलं, बरी झाली."

"मग आला का नाहीस?"

सोलोफोने तिच्याकडे बघितलं. रागाने नव्हे. त्याला खरंच नवल वाटलं होतं.

"मी रोज तुमच्यासमोरूनच जात होतो ना वहिनी. तुम्ही काही बोलला नाहीत. म्हटलं, माझेच कान वाजतायत."

बाकोलीने डिस्क बदलली, पॅड बदलले, ब्रेक घट्ट लागेपर्यंत दाबून बघितला आणि किल्ली दिली. घरी जाऊन मात्र तोंडावर पाणी मारता मारता रडली. स्वतःची इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती. तरी त्या दिवशी ती कानाचं काही बोलली नाहीच. बुधवारी नाही, गुरुवारीही नाही. माणूस भित्रा असतो, त्याला काय करणार.

रविवारी चर्च सुटल्यावर सोलोफोने सगळ्यांना जेवायला बोलावलं. पोरं वाचली म्हणून. नवाच्या नऊ टॅक्सी त्याच्या अंगणाबाहेर ओळीने लागल्या. घराच्या ईशान्येच्या कोपऱ्यात पूर्वजांसाठी घोटभर रम सांडून झाली, आणि मग सगळे चटयांवर बसले. भाताचा डोंगर, आल्यातली कोंबडी, प्यायला करपलेल्या भाताच्या गरम पाण्याची किटली. सोलोफोची बायको पेर्लिन वाढत होती. आमच्यात कोंबडीचा शेपटाकडचा तुकडा मानाचा. तो वयाने आणि मानाने थोरल्याला जातो. सगळ्यांना वाटलं रझाफीला जाणार. पेर्लिनने तो बाकोलीच्या ताटात वाढला.

"वहिनी धावत आल्या," सोलोफो म्हणाला. "त्यांचाच मान आहे."

"आहेच," रझाफी गुरगुरला. "मी काय दात नसलेला, मला मऊ तुकडा दे." सगळे हसले.

बाकोलीने त्या तुकड्याकडे बघितलं. मग ताट उचललं आणि चटईच्या मध्यभागी ठेवलं.

"हा मान माझा नाही," ती म्हणाली. "मला ऐकू येत नाही."

"काय येत नाही?" रझाफीने विचारलं.

"ऐकू, दादा. जूनपासून. बारीक आवाज येतच नाहीत मला. जीभ वाजते ती मला कळत नाही. सोलोफोची पाच आठवडे वाजली, रोज माझ्या नाकासमोरून गेली. मी गप्प, म्हणून त्याला वाटलं ठीक आहे. पोरं वाळूत गेली ती माझ्यामुळे. वाळू होती म्हणून वाळूत. तुम्ही यायचे बंद व्हाल या भीतीने मी बोलले नाही."

साहोलीने हातातला घास ताटात ठेवला.

"म्हणजे," रझाफी सावकाश म्हणाला, "जूनपासून आम्ही कुणाच्या भरवशावर उतरत होतो?"

"माझ्या. आणि मी नुसता घेवडा सोलत होते."

रझाफी उठला. बाकोलीला वाटलं, आता हा निघून जाणार आणि त्याच्या मागोमाग बाकीचे. तो दारापर्यंत गेला आणि वळला.

"चला," तो ओरडला. "बसलात काय मढ्यासारखे? माझं चाक काढायचंय. बाकोली, पाना कुठंय?"

"पाना तुमच्या डिकीतच असतो, दादा."

"असतो का?"

पुढचा तासभर अंगणाबाहेर जे चाललं ते बघण्यासारखं होतं. रविवारचे पांढरे शर्ट घातलेले नऊ बाप्ये रस्त्यावर गुडघे टेकून बसलेले. वीस वीस वर्षं टॅक्सी हाकलेली माणसं, त्यातल्या सहा जणांनी आपल्या चाकामागचं आज पहिल्यांदा बघितलं. नट कुठल्या बाजूला फिरतो यावरून दोघांत जुंपली. बाकोलीने पेर्लिनकडून मूठभर कोरे तांदूळ मागून घेतले आणि प्रत्येकाच्या हातावर दोन-दोन दाणे ठेवले.

"पत्रा सोडून फक्त थर मोजायचा. दोन दाणे आडवे, एकावर एक. थर त्याहून जाड, तर चालवा. तेवढाच किंवा कमी, तर माझ्याकडे या. माझ्याकडे नको असेल तर खाली चौकात जा. पण जा. आणि आवाज आला तर माझ्याकडे बघू नका. ज्याने ऐकला त्याचाच तो आवाज."

नऊपैकी तीन गाड्यांचा थर दोन दाण्यांहून कमी निघाला. रझाफीच्या उजव्या चाकाचा थर तर एका दाण्याएवढाही भरेना. त्या सकाळी तो त्याच गाडीतून बायको आणि तिच्या दोन बहिणींना घेऊन, इंजिन बंद करून, चर्चवरून उतरला होता. तो काढलेल्या चाकावर बसला आणि त्या पॅडवरून अंगठा फिरवू लागला.

"वाजत होती गं," तो म्हणाला. "मला वाटलं थंडीने असेल."

त्या तीन गाड्या त्या रात्री तिथेच राहिल्या. सोमवारी सकाळी बाकोलीने तिन्हींचे पॅड बदलले, पण जीभ ठोकून घेतली ती ज्याच्या त्याच्याकडून. रझाफीने अंगठा ठेचून घेतला आणि तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. कुणी चौकात गेलं नाही.

आणि तो मानाचा तुकडा? सगळे हात धुऊन परत आत आले तेव्हा भात थंड झाला होता. ताट होतं तिथेच होतं. नऊ भुकेले ड्रायव्हर आणि त्यांची बायकापोरं, पण त्या तुकड्याला कुणी हात लावला नव्हता. पेर्लिनने तो गरम करून पुन्हा बाकोलीपुढे ठेवला. या वेळी तिने खाल्ला.

ती अजून त्याच खोक्यावर बसते, घेवडा सोलते. फरक इतकाच, की आता तिच्यासमोरून जाताना ड्रायव्हर ओरडतात. सोलोफोच्या गाडीत मात्र हे काम पोरांनी घेतलंय. उताराच्या मध्यावर आलं की चारही जण खिडकीतून डोकी काढतात आणि एका सुरात केकाटतात, "नाही वाजत, आजी!" बाकोली हात करते. रोजचं झालं ते.

नोव्हेंबरात एक दिवस गाडी वर दिसली तेव्हाच तिच्या लक्षात आलं, की सोलोफोने आज इंजिन बंद केलेलं नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये, गुरगुरत, मुंगीच्या पावलांनी येत होती. खिडकीतून मिआली कमरेपर्यंत बाहेर आली होती आणि दोन्ही हात हलवत होती.

"वाजतेय! आजी, वाजतेय!"

बाकोलीला गाडीचा आवाज आला, पोरीचा आला. मधला तो बारीक आवाज काही आला नाही. तिने सूप बाजूला ठेवलं आणि चाकामागे लावायचा दगड उचलून रस्त्यावर आली, तोवर सोलोफो गाडी भिंतीला लावून खाली उतरलाही होता.

"दोन दाण्यांहून थोडं कमी असेल, वहिनी," तो म्हणाला आणि डिकीतून पाना काढू लागला.